मानाजीरावांनी दिलेले उत्तर

मानाजीराव जगताप माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या पायांकडे पाहत. चौतीस वर्षे म्हैसूरच्या अश्वारोही पोलीस दलात काढलेल्या माणसाला ही सवय जडली तर नवल नाही. घोडा बोलत नाही. त्याचे दुखणे, त्याचा रुसवा, त्याचे भय हे सारे त्याच्या पावलांतून वाचावे लागते. हे वाचन त्यांना इतके साधले होते की पथक रस्त्याने निघाले असता पाठमोरे उभे राहून, नुसत्या टापांच्या नादावरून, कितव्या घोड्याचा नाल सैल झाला आहे ते सांगत. त्यांचे पणजोबा महाराजांच्या रिसाल्यात बारगीर होते. रिसाला गेला, राज्य गेले, पण जगतापांच्या घरातला पुरुष खोगिरावरून उतरला नव्हता. ताठ कणा आणि दिलेल्या शब्दाचा पक्केपणा हे आपल्या कुळाचे लक्षण आहे असे मानाजीराव मानीत, आणि नझरबाद मोहल्ल्यातली माणसेही तसेच मानीत. निवृत्त होऊन कित्येक वर्षे लोटली तरी त्यांची ओळख 'दफेदार' हीच राहिली.

अशा या माणसाने एकदा एका प्रश्नाला चार शब्दांचे उत्तर दिले होते. ते उत्तर खोटे होते.

त्याचे असे झाले. मानाजीरावांचा एकुलता मुलगा शरत कडकोळच्या एका कारखान्यात पाळीने काम करी, सून कांचन प्राथमिक शाळेत शिकवी, आणि नात यशस्विनी दिवसभर आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर असे. निवृत्तीनंतर मानाजीरावांचा सारा वेळ तिचाच. दसऱ्यापूर्वी तोफांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून घोड्यांना मैदानात उभे करतात, त्या सरावाला ते तिला खांद्यावर बसवून नेत. तोफ कडाडली की मोठमोठे घोडे बिचकत. ही चिमुरडी मात्र टाळ्या पिटी. "ही खरी जगतापांची," असे ते घरी येऊन सरस्वतीबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, सांगत, आणि ते सांगताना त्यांची छाती गणवेशात असल्यासारखी फुलून येई.

यशस्विनी आठ वर्षांची झाली आणि तिचा उजवा पाय वाकडा पडू लागला. टाच उचलली जाई, पाऊल आत वळे, आणि ती बोटांवर चालू लागे. विलक्षण गोष्ट ही की सकाळी यातले काही नसे. झोपून उठली की ती हरिणीसारखी धावे. शाळेच्या गाडीपर्यंत पळत जाई. दुपार कलली की पाय जड होई, आणि दिवेलागणीला तर चार पावलांत तिचे गुडघे एकमेकांवर आपटत. रात्रीची झोप झाली की पुन्हा सगळे स्वच्छ.

पहिल्यांदा हे नीट ध्यानात आले ते नवरात्रात. जगतापांच्या घरी नवरात्राच्या नऊही संध्याकाळी देवघरातल्या तलवारीला ओवाळून तो दिवा घरातल्या लेकराने उंबऱ्यापर्यंत न्यायचा, अशी रीत होती. तिसऱ्या माळेला यशस्विनी दिवा घेऊन निघाली आणि मधल्या खोलीतच कोसळली. तेल सांडले, दिवा विझला. मानाजीरावांनी तिला उभे केले आणि तिच्या पायांकडे पाहिले.

"सकाळी शाळेला पळत गेलीस ना गं?"

"हो आजोबा."

"मग आता काय झालं?"

"आता पाय ऐकत नाही माझं."

"पायाला कान असतात काय ऐकायला?"

"अय्यो, सोडा हो तिला," सरस्वतीबाई फडक्याने तेल टिपत म्हणाल्या. "सुम्ने उगीच कशाला रडवता? पोर खोटं बोलत नाही."

"चौतीस वर्षं घोडी बघितलीत मी."

"मग बघा की घोडी. ही पोरगी आहे."

सरस्वतीबाई हे सहज बोलून गेल्या, पण मानाजीरावांचे सारे चुकले ते नेमके इथेच. त्यांच्या नोकरीच्या मध्यावर पवनराज नावाचा एक पांढरा घोडा दलात आला होता. सकाळी तो उत्तम चाले आणि दोन तासांच्या कवायतीनंतर मागचा डावा पाय उचलू लागे. पशुवैद्याला त्यात काही सापडेना. तेव्हा मानाजीरावांनी त्याला विश्रांतीऐवजी जास्तीच्या फेऱ्या दिल्या, लंगडला की आणखी दोन फेऱ्या. महिनाभरात पवनराज लंगडायचा थांबला. अधिकाऱ्यांनी मानाजीरावांची पाठ थोपटली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या अश्वविद्येत एक सूत्र कायमचे कोरले गेले: जो खरा लंगडा तो तबेल्याच्या दारातूनच लंगडत निघतो, जो सकाळी सरळ आणि कामानंतर लंगडा, तो कामचुकार.

हे सूत्र त्यांनी आपल्या नातीला लावले.

समोरच्या मोकळ्या जागेत संध्याकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. रोज दहा. मानाजीराव शेजारून चालत, हात पाठीशी बांधून, नजर तिच्या पावलांवर. ती पडे, उठे, पुन्हा चाले. कधी म्हणे, "आजोबा, उद्या सकाळी वीस मारते, आता नको." हे ऐकले की त्यांची खात्री अधिकच पटे. त्यांना तिचा राग येत नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. आपण तिच्या हिताचे करीत आहोत अशी त्यांची निर्मळ श्रद्धा होती. क्रौर्याला श्रद्धेचे बळ मिळाले म्हणजे ते शांतपणे आणि नेमाने चालते. सांजवेळी देवाला दिवा लावावा तसे.

दोन वर्षे उलटत आली आणि फरक पडेना, तेव्हा शरतने हट्ट धरला की डॉक्टरांना दाखवायचेच. एका खासगी रुग्णालयात मेंदूचे एमआरआय काढायचे ठरले. नेमके त्या दिवशी शरतला पाळी बदलून मिळाली नाही, आणि कांचनचे वडील अत्यवस्थ म्हणून ती हुणसूरला गेलेली. तेव्हा नातीला घेऊन मानाजीराव एकटेच गेले. निघताना सरस्वतीबाईंनी दारात थांबवून सांगितले, "सकाळी बरी असते आणि संध्याकाळी बिघडते, हे मात्र डॉक्टरांना आठवणीनं सांगा हं."

यंत्राच्या पोकळीत दहा वर्षांची मुलगी अर्धा तास न हलता पडून राहिली. चित्रे आली. डॉक्टर वयस्क होते, घाईत नव्हते. त्यांनी चित्रे उजेडावर धरून पुन्हा पुन्हा न्याहाळली.

"चित्र अगदी स्वच्छ आहे," ते म्हणाले. "कुठे व्रण नाही, गाठ नाही, सूज नाही."

मानाजीरावांच्या मनाने तत्काळ निवाडा दिला. मेंदू स्वच्छ आहे; म्हणजे दोष शरीरात नाही, तो वागण्यात आहे. आणि त्याच क्षणी डॉक्टरांनी पेन उचलून विचारले, "दिवसभरात काही फरक पडतो का? सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट, असं?"

प्रश्न नेमका होता. दोन वर्षे जो रोग घरात दडून बसला होता, त्याच्या दारावरच डॉक्टरांनी हात ठेवला होता. पण मानाजीरावांना तो प्रश्न वैद्याचा वाटला नाही, पंचाचा वाटला. त्यांना वाटले की 'हो' म्हटले की हे गृहस्थ कागदावर लिहिणार: मुलगी सोंग करते. तो कागद शाळेत जाईल, नातलगांत जाईल. उद्या तिच्या लग्नाच्या वेळी कोणीतरी म्हणेल, जगतापांची ना, ती लबाड पोर. ज्या घराचा शब्द पक्का, त्या घरच्या लेकीवर कपटाचा शिक्का!

यशस्विनी खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिने तोंड उघडले. "सकाळी ना, मी—"

मानाजीरावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मारला नाही, दाबलाही नाही, केवळ ठेवला. ती गप्प झाली.

"दिवसभर सारखंच आहे, साहेब," ते म्हणाले.

डॉक्टरांनी ते लिहून घेतले. घरी आल्यावर सरस्वतीबाईंनी विचारले, "सकाळ-संध्याकाळचं सांगितलंत का?" मानाजीराव बूट काढीत म्हणाले, "सांगितलं."

कागदाची एक रीत असते. एकदा त्यावर उमटलेली ओळ पुढच्या कागदावर उतरते, तेथून त्याच्या पुढच्या कागदावर, आणि जितक्या वेळा उतरते तितकी ती खरी होत जाते. 'दिवसभरात फरक नाही' ही ओळ पुढची नऊ वर्षे यशस्विनीच्या फायलीतून फिरत राहिली. ती वाचून कोणी जन्मतः मेंदूला इजा झाली असावी असे म्हटले, कोणी स्नायूंचा विकार म्हटले. पायांना पट्ट्या बांधल्या, इंजेक्शने झाली, तोंड कोरडे पाडणाऱ्या गोळ्या झाल्या. सकाळ-संध्याकाळविषयी पुन्हा कोणी विचारले नाही, कारण त्याचे उत्तर लिहिलेले होते. कांचनला सकाळी मुलगी बरी दिसे, पण थकलेल्या शरीराला रात्रीची झोप मानवते यात तिला नवल वाटले नाही. शिवाय मामंजींनी डॉक्टरांना सगळे सांगितलेच आहे, अशी तिची समजूत होती. हळूहळू सकाळीही पाय ऐकेनासा झाला. फेऱ्या आपोआप थांबल्या. सोळाव्या वर्षी यशस्विनी चाकांच्या खुर्चीत बसली. त्याच्या दोन वर्षे आधी सरस्वतीबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या संध्याकाळी नातीच्या पायांना तेल चोळीत असत.

खुर्ची आली त्या दिवशी मानाजीरावांना प्रथमच कळले की ही मुलगी सोंग करीत नाही. सोळा वर्षांची, हसरी, तिखट जिभेची मुलगी कोणाला फसवण्यासाठी आयुष्यभर खुर्चीत बसणार नाही. पण 'मग त्या उत्तराचे काय?' हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. त्या उत्तराने काही बिघडले असेल असे ज्ञान त्यांना नव्हते, आणि ते मिळवण्याचे धैर्यही नव्हते.

ते ज्ञान दोन हजार चोवीस साली, एका दुपारी चार वाजता, डॉक्टर पूजिता यांच्या खोलीत त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. पूजिताबाई मज्जाविकारांच्या तज्ज्ञ, वयाने तिशी ओलांडलेल्या, म्हैसूरच्याच जुन्या मराठी घरातल्या. शरत कारखान्यात आणि कांचन शाळेत, म्हणून याही वेळी नातीसोबत मानाजीरावच होते.

"माझं मराठी घरातलंच आहे, चुकलं तर हसू नका," असे म्हणून पूजिताबाईंनी ती जाडजूड फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी आली.

"मला एक गोष्ट जुळत नाही. हिची बुद्धी उत्तम, बोलणं स्वच्छ, चित्र स्वच्छ. जन्मतः इजा असती तर चित्रात काहीतरी दिसलं असतं ना? यशस्विनी, तू लहान असताना सकाळी कशी चालायचीस, आणि संध्याकाळी कशी?"

"मला नीट आठवत नाही, डॉक्टर," यशस्विनी म्हणाली. "फायलीत आहे की. आणि नसेल तर आजोबांना विचारा. माझं सगळं त्यांनाच माहिती. माझे पाय माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त बघितलेत."

ती हसत म्हणाली. दोघीही त्यांच्याकडे पाहू लागल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या वृद्धाला खोलीच्या भिंती, मेजावरचा मेंदूचा मेणाचा नमुना, नातीचा विश्वासाने वर उचललेला चेहरा हे सारे एकाच वेळी दिसले.

"फायलीत आहे तसंच," ते म्हणाले.

एकदा अज्ञानातून दिलेले उत्तर आता त्यांनी जाणतेपणी दिले.

संस्कृतात लाजेला एकच नाव नाही. लोकांच्या डोळ्यांत पडण्याची जी लाज, ती लज्जा. आणि कोणी पाहत नसताना, आपणच आपल्याकडे पाहिल्यावर जी अंतःकरणाला पोळते, तिला जुने लोक ह्री म्हणत, आणि तिची गणना दैवी संपत्तीत करीत. मानाजीराव जन्मभर पहिलीचे सेवक होते. तिच्या सेवेत त्यांनी नातीचे पाय खर्ची घातले. दुसरीची आणि त्यांची भेट त्या संध्याकाळी झाली. रिक्षातून उतरून त्यांनी यशस्विनीची खुर्ची उलगडली, तिला उचलून बसवले, आणि तिच्या पायांवर शाल सारखी करताना त्यांना आढळले की आपल्याला तिच्या पायांकडे पाहवत नाही. चौतीस वर्षे पाय वाचणाऱ्याला ते दोन पाय वाचवेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणाला न सांगता, ते पूजिताबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसले. दवाखाना उघडायचा होता. सफाई करणाऱ्या बाईने त्यांना दोनदा विचारले, "काय होतंय, अज्जा?" ते म्हणाले, "मला काही होत नाही."

आत गेल्यावर त्यांनी खुर्ची घेतली नाही. साहेबासमोर तक्रार मांडणाऱ्या शिपायासारखे उभ्याउभ्याच त्यांनी सगळे सांगितले: सकाळी हरिणीसारखी धावणारी मुलगी, दिवेलागणीला कोसळणारी, फेऱ्या, पवनराज, दहा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर ठेवलेला हात. "ती सांगणार होती, बाई," ते म्हणाले. "मी सांगू दिलं नाही. आणि काल पुन्हा खोटं बोललो."

पूजिताबाईंनी फाईल ओढून पहिले पान उघडले. मग त्यांनी विचारले, "झोपून उठल्यावर पूर्ण बरी? पूर्ण म्हणजे पूर्ण?"

"पूर्ण."

"आजोबा, हे एक वाक्य माझ्याकडे काल असायला पाहिजे होतं. नऊ वर्षांपूर्वी असतं तर..." त्या थांबल्या. माणूस आधीच जमिनीला लागला आहे हे त्यांना दिसत असावे. "बसा. मी सांगते ते नीट ऐका. तुम्ही इथलेच ना, कालवे बघितलेत. एमआरआयमध्ये आपल्याला कालवा दिसतो. तो फुटलाय का, बुजलाय का, ते दिसतं. पण त्यात पाणी किती सोडलंय, ते त्या चित्रात दिसत नाही. हिच्या मेंदूत चालण्याला लागणारं एक द्रव्य कमी तयार होत असावं. झोपेत थोडं साठतं, दिवसभरात संपतं. म्हणून सकाळ चांगली."

"म्हणजे सोंग नव्हतं."

"सोंग?" पूजिताबाईंनी मान हलवली. "सकाळी सरळ असणं, हीच तर या आजाराची खूण आहे."

मानाजीराव खाली पाहत राहिले. नातीविरुद्ध जो पुरावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे मनात जपला, तीच तिची साक्ष होती. तेव्हा प्रथमच त्यांच्या मनात आले की पवनराजही कामचुकार नसावा. तो लंगडायचा थांबला, म्हणजे त्याचे दुखायचे थांबले असे कोणी सांगितले? पुढच्याच वर्षी तो लिलावात गेला होता, आणि त्याला नेताना मानाजीरावांनी मान वळवून पाहिलेही नव्हते.

"औषध आहे?" त्यांनी विचारले.

"आहे. फार जुनं आहे, लहानशी गोळी. पण लहान वयातला कंपवातही सुरुवातीला असाच दिसतो, आणि त्यालाही हीच गोळी आधी लागू पडते, मग त्रास देते. म्हणून आधी बंगळूरला एक वेगळं चित्र काढायचं. ते कालव्यापेक्षा खोलवरचं दाखवतं. आणि एक सांगते," पूजिताबाई सावकाश म्हणाल्या, "फायलीतली ओळ मला बदलावी लागेल. बाकी घरात कोणाला काय सांगायचं, ते तुमचं. ते काम माझं नाही."

बंगळूरला शरत आणि कांचन दोघेही गेले. यशस्विनीच्या शिरेत किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश सोडला, चार तास वाट पाहिली, आणि मग तिच्या डोक्याभोवती यंत्र संथपणे फिरले. पडद्यावर मेंदूच्या गाभ्यात दोन तेजस्वी आकृत्या उमटल्या, समोरासमोर ठेवलेल्या दोन स्वल्पविरामांसारख्या. कंपवाताने मज्जातंतूंची टोके जळून गेली असती, तर शेपट्या नाहीशा होऊन नुसते दोन ठिपके उरले असते. हे स्वल्पविराम अखंड होते. कालवे शाबूत होते. केवळ पाणी नव्हते. दहा-बारा वर्षांपूर्वी असे चित्र काढायची सोय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होती, असे पूजिताबाई म्हणाल्या. हे ऐकून मानाजीरावांना क्षणभर दिलासा वाटला, आणि दिलासा वाटल्याची पुन्हा लाज वाटली. कारण हे चित्र नसतानाही त्या वयस्क डॉक्टरांनी नुसत्या प्रश्नाने रोगाचे दार गाठले होते.

अर्धी गोळी, दिवसातून तीन वेळा. चौथ्या दिवशी संध्याकाळी कांचन स्वयंपाकघरात होती. बाहेरून काही आवाज आला म्हणून ती आली, तर यशस्विनी खिडकीच्या गजाला धरून उभी. कांचनने तोंडावर हात घेतला.

"आई, ओरडू नको," यशस्विनी म्हणाली. "पाय माझं ऐकतोय. त्याला घाबरवू नको."

महिन्याभरात ती काठी घेऊन, आणि मग काठीवाचून चालू लागली. शरतसारखा मोठा माणूस कारखान्याच्या बसथांब्यावर उभा राहून रडला, असे त्याच्या सोबत्यांनी सांगितले. रक्ताची तपासणी आली; दोष जनुकात होता. घरातल्यांची रक्ते तपासली, तर शरतमध्ये तो होता आणि मानाजीरावांमध्येही होता. पुरुषांमध्ये तो पुष्कळदा झोपूनच राहतो, पूजिताबाईंनी समजावले.

हे मात्र मानाजीरावांनी सर्वांना सांगितले. "माझ्याच रक्तातून आलंय," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगत. सांगताना त्यांची जीभ अडखळत नसे, कारण जनुकात त्यांचा काही दोष नव्हता. ही छोटी कबुली ते ढालीसारखी पुढे धरीत आणि मोठीला तिच्यामागे लपवीत. लोकांना त्यात त्यांचा मोठेपणा दिसे. पूजिताबाईंनी घरच्यांना एवढेच सांगितले होते की आजोबा दवाखान्यात आले आणि त्यांनी लहानपणच्या सकाळींविषयी सांगितले. हे खरेच होते. त्या अर्ध्या सत्यावर घरात एक मंदिर उभे राहिले. आजोबांना आठवले म्हणून मुलगी चालली. दहा डॉक्टरांना जमले नाही ते घोडे पाहणाऱ्या डोळ्यांना जमले.

मराठा मंडळाचे अंबाजीराव एक दिवस पेढे घेऊन दारात. "दफेदार, संमेलनात तुमचा आणि नातीचा सत्कार. नाही म्हणायचं नाही."

"तिचा करा. माझा बेडा, मला नको."

"बेडा काय, बेडा! अहो, पायांवरून रोग ओळखणारा माणूस आपल्या मंडळात आहे, हे पोरांना कळू दे की. फेटा माझ्यातर्फे."

"अंबाजीराव, तुम्ही घोड्यालाही फेटा बांधाल," यशस्विनी आतून म्हणाली, आणि सगळे हसले. मानाजीरावही हसले. ते हसणे त्यांच्या चेहऱ्यावर कुठेतरी अडकून राहिले आणि बराच वेळ उतरेना.

संमेलनाला चार दिवस राहिले असताना यशस्विनी त्यांना कारंजी तळ्याकडे घेऊन गेली. ती पुढे, ते मागे. पाणकोंबड्या पाण्यावर रेघा ओढीत होत्या. ती एका बाकावर बसली आणि पिशवीतून कागद काढला. "भाषण लिहिलंय. मराठीत आहे, हसायचं नाही. चुका काढा." आणि ती वाचू लागली: "माझे पाय मला डॉक्टरांनी दिले, पण त्यांच्याआधी माझ्या आजोबांनी दिले. लहानपणी ते रोज संध्याकाळी माझ्याबरोबर चालायचे—"

"थांब," मानाजीराव म्हणाले.

"चूक झाली का काही?"

"झाली. तुझी नाही."

ते उभे राहिले. मग त्यांना वाटले की उभे राहून हे सांगायचा आपल्याला अधिकार नाही, आणि ते पुन्हा बसले. त्यांनी सांगितले. डॉक्टरांना सांगितले होते त्याहून वाईट शब्दांत, तुटक, मध्येच कानडीत शिरत. स्कॅनच्या दिवशी तू तोंड उघडलेस. मी हात ठेवला. डॉक्टरांनी अगदी हेच विचारले होते. ही गोळी तेव्हाही होती. नऊ वर्षे. मला वाटत होते तू सोंग करतेस, आणि लोकांना ते कळू नये म्हणून मी खोटे बोललो.

यशस्विनीने कागद दुमडला. एकदा, दोनदा, तो आणखी दुमडेना तोपर्यंत.

"मला तो हात आठवतो," ती शेवटी म्हणाली. "का ठेवला ते आठवत नव्हतं. मला वाटायचं, मी घाबरले म्हणून धीर द्यायला ठेवला असेल."

मानाजीरावांनी डोळे मिटले.

"आणि आजोबा, तुम्हाला एक सांगू? तुम्ही मला कधी 'सोंग करतेस' असं म्हणाला नाहीत. पण मला ते कळायचं. मग मलाच वाटायला लागलं की मी खरंच करतेय. आतून कुठूनतरी. खुर्चीत बसले तेव्हासुद्धा. रात्री पडल्या पडल्या स्वतःला सांगायचे, यशा, पुरे आता, ऊठ. आणि उठता यायचं नाही. मग वाटायचं, किती वाईट आहे मी, अजून सोडत नाही." तिचा आवाज स्थिर होता, आणि त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. "माझं मलाच खोटं वाटायचं हो."

मानाजीरावांना क्षमा मागायची होती. परंतु तो शब्द ओठांपर्यंत आला तेव्हा त्यांना दिसले की आपण पुन्हा काहीतरी मागणारच आहोत, आणि ज्या मुलीने इतके दिले तिच्यापुढे आणखी एक मागणे घेऊन उभे राहणे शोभत नाही. त्यांनी तो शब्द गिळला.

"आईला माहीत आहे?" तिने विचारले.

"नाही."

"अप्पांना?"

"नाही. आजीलाही मी 'डॉक्टरांना सांगितलं' असं खोटंच सांगितलं होतं. ती तसंच समजून गेली."

यशस्विनी उठली. "मी कोणाला सांगणार नाही. पण हे भाषण मी वाचणार नाही. का नाही वाचलं, असं आई विचारील. तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं."

ती चालू लागली. सायंकाळ झाली होती, आणि तिची टाच जमिनीला पूर्ण टेकत होती. तिने मागे वळून पाहिले नाही, पण तिची चाल जलद नव्हती. म्हाताऱ्या माणसाला गाठता येईल इतकेच अंतर राखून ती पुढे गेली. मानाजीरावांना तेवढेही आपले हक्काचे वाटले नाही.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, आणि ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. सासऱ्यांना तिथे आलेले पाहून कांचन गडबडीने उठली. गेले काही महिने ती त्यांना देवाच्या ठिकाणी मानू लागली होती. त्यांच्यासाठी कॉफीचा पहिला काढा वेगळा ठेवी.

"मामंजी, आत का आलात? हाक मारायची की. बसा, कॉफी देते."

"कॉफी नको, कांचन. शरत आला की त्यालाही बोलाव. आधी तू ऐक."

तिने ओच्याला हात पुसले आणि हसतमुखाने त्यांच्याकडे पाहिले. मानाजीरावांनी आज प्रथमच माणसाच्या पायांकडे न पाहता सरळ तोंडाकडे पाहिले, आणि सांगायला सुरुवात केली.